प्रसारणातील ५.१ ध्वनी : एन्कोडर आणि डीकोडरची मांडणी

महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या आपल्या घरांत मराठी कानावर पडण्याची ठिकाणे मोजकीच असतात. घरातली बोलाचाली, मंडळाचे कार्यक्रम, गणेशोत्सवातले नाटक आणि दूरचित्रवाणी. नातवंडांची शाळा वेगळ्या भाषेत, बाजार वेगळ्या भाषेत; त्यामुळे संध्याकाळी आजी-आजोबांबरोबर पाहिलेली मराठी मालिका किंवा चित्रपट हाही भाषेचा एक तासच असतो. अशा वेळी पार्श्वसंगीत मोठ्याने ऐकू येते आणि पात्रांचे बोलणे मात्र कुजबुजल्यासारखे वाटते, हा अनुभव आपल्यापैकी बहुतेकांना असेल. आजोबा आवाज वाढवतात, तेवढ्यात जाहिरात लागते आणि घर दणाणते.

दोष दर वेळी कानांचा किंवा टीव्हीचा नसतो. पुष्कळदा तो प्रसारण साखळीतल्या एखाद्या यंत्राच्या मांडणीत असतो. आपल्या अनेक कुटुंबांतील तरुण मंडळी स्टुडिओत, संकलनात आणि प्रसारण केंद्रांत काम करतात. त्यांना हाताशी ठेवता यावी आणि इतर सभासदांनाही समजावी, अशा बेताने ही माहिती येथे एकत्र दिली आहे. प्रस्तुत लेखकाने काही वर्षे प्रसारणाच्या नियंत्रण कक्षात काम केले आहे.

शब्दांबाबत एक खुलासा. या लेखात ‘वाहिनी’ म्हणजे दूरचित्रवाणी वाहिनी आणि ‘चॅनल’ म्हणजे ध्वनीचा एक स्वतंत्र मार्ग.

५.१ म्हणजे काय

साध्या स्टीरिओत दोन चॅनल असतात, डावा आणि उजवा. ५.१ मध्ये सहा असतात : डावा, उजवा, मधला, मागचा डावा, मागचा उजवा आणि खर्जाचा. शेवटच्या चॅनलमध्ये सुमारे १२० हर्ट्‌झच्या खालचाच ध्वनी जातो. त्याला पूर्ण पट्टा नसतो, म्हणून त्याची गणना ‘.१’ अशी होते.

ऐकण्याच्या खोलीतील स्पीकरच्या जागा आयटीयूच्या बीएस.७७५ या शिफारशीत ठरवून दिल्या आहेत. ऐकणाऱ्याच्या अगदी समोर मधला. त्याच्या दोन्ही बाजूंना ३० अंशांवर डावा आणि उजवा. आणि मागचे दोन १०० ते १२० अंशांच्या दरम्यान. नियंत्रण कक्षात जागा कमी असली तरी हे कोन शक्य तितके सांभाळावेत, कारण चुकीच्या जागी ठेवलेल्या स्पीकरवर केलेला निर्णयही चुकतो.

यातला मधला चॅनल सर्वांत महत्त्वाचा. नाटक, मालिका, चित्रपट यांतील बहुतेक सर्व संवाद याच चॅनलमध्ये असतात. डाव्या-उजव्यात संगीत आणि वातावरण, मागच्या दोहोंत पाऊस, गर्दी, टाळ्या. म्हणून वाटेत कोठे मधला चॅनल गळाला तर चित्र दिसते, संगीत वाजते, ओठ हलतात, पण बोलणे नाहीसे होते. पुढची सारी मांडणी या एका चॅनलला घरापर्यंत सुखरूप पोहोचवण्यासाठी आहे, असे समजून वाचले तरी चालेल.

एन्कोडर का लागतो

व्यावसायिक डिजिटल ध्वनीचा रूढ प्रकार एईएस३ हा आहे. एका केबलमधून दोन चॅनल जातात. केबल दोन प्रकारची असते : ११० ओहमची, एक्सएलआर कनेक्टरची, किंवा ७५ ओहमची, बीएनसी कनेक्टरची. नमुने घेण्याचा वेग सेकंदाला ४८,००० असतो. एचडी-एसडीआय या चित्राच्या केबलमध्ये चार-चारच्या चार गटांत एकूण सोळा ध्वनिचॅनल बसतात. पण जुने राउटर, टेपयंत्रे, सर्व्हर आणि उपग्रह दुवे बहुधा एक-दोन जोड्यांचीच सोय असलेले. तेथे सहा-आठ चॅनल पाठवायचे तर ते कमी जागेत बसवावे लागतात. हे काम एन्कोडर करतो आणि पलीकडे डीकोडर ते पुन्हा मोकळे करतो.

प्रसारणात हे दोनदा घडते आणि दोन्ही वेळा हेतू वेगळा असतो.

पहिला टप्पा केंद्रांच्या आपसातील वाहतुकीचा. स्टुडिओतून प्रसारण केंद्रापर्यंत, एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर. येथे डॉल्बी ई ही पद्धत रूढ झाली. आठ चॅनलचा २० बिटांचा मूळ ध्वनी सेकंदाला ७६.८ लाख बिट घेतो. डॉल्बी ई तो एकाच एईएस३ जोडीच्या १९.२ लाख बिटांत बसवते, म्हणजे चौथ्या हिश्शात. दाब हलका असल्याने वाटेत काही वेळा उघडून पुन्हा बांधले तरी ध्वनी टिकतो.

दुसरा टप्पा घरापर्यंतचा. येथे डॉल्बी डिजिटल, म्हणजेच एसी-३, किंवा त्याची पुढची आवृत्ती डॉल्बी डिजिटल प्लस वापरतात. ५.१ साठी डॉल्बी डिजिटलचा नेहमीचा दर सेकंदाला ३८४ किंवा ४४८ किलोबिट असतो. हा दाब मोठा आहे. म्हणून हे बांधणे साखळीच्या शेवटी, एकदाच करायचे. घराकडे जाणारा प्रवाह उलगडून पुन्हा संकलनासाठी वापरू नये.

पहिला टप्पा घाऊक मालाच्या वाहतुकीसारखा, दुसरा किरकोळ पुडीसारखा. दोन्हींची यंत्रे वेगळी. डॉल्बीच्याच यंत्रांत डीपी५७१ हा डॉल्बी ईचा एन्कोडर, डीपी५७२ हा त्याचा डीकोडर, तर डीपी५६९ हा डॉल्बी डिजिटलचा एन्कोडर. अनेक कक्षांत हीच यंत्रे वा यांच्यासारखी दुसऱ्या बनावटीची कार्डे दिसतात. पुढील माहिती यंत्राच्या बनावटीवर अवलंबून नाही.

डॉल्बी ई हाताळताना

डॉल्बी ईचे एक वैशिष्ट्य असे, की तिचा प्रत्येक तुकडा चित्राच्या एका फ्रेमएवढा असतो. भारतात सेकंदाला २५ फ्रेम असल्याने एक तुकडा ४० मिलिसेकंदांचा. दोन तुकड्यांमध्ये थोडी मोकळी जागा सोडलेली असते, तिला गार्ड बँड म्हणतात. चित्र एका स्रोतावरून दुसऱ्यावर वळवले जाते तो क्षण या मोकळ्या जागेत पडला तर ध्वनी तुटत नाही. तुकड्याच्या मध्ये पडला तर ती फ्रेम वाया जाते आणि खट्‌ असा आवाज किंवा क्षणभर शांतता येते.

दुसरे, डॉल्बी ई ध्वनीच्या केबलमधून जात असली तरी ती ध्वनी नसते, माहिती असते. ती सरळ स्पीकरला दिली तर मोठा खरखराट होतो. स्पीकर आणि कान दोन्हींना इजा होऊ शकते. म्हणून त्या जोडीवर ‘डॉल्बी ई’ असे ठळक लिहिलेले लेबल असावे आणि मॉनिटरचा आवाज शून्यावर आणल्याशिवाय अनोळखी जोडी उघडू नये.

तिसरे, या प्रवाहातला एकही बिट बदलता कामा नये. वाटेत आवाज कमी-जास्त करणारे बटण, नमुन्यांचा वेग बदलणारे यंत्र, फेड, मिश्रण यांपैकी काहीही आले की प्रवाह निकामी होतो. अर्धा डेसिबल कमी केले तर ध्वनी अर्धा डेसिबल कमी होत नाही, सगळाच जातो. चित्राचा फ्रेम सिंक्रोनायझर मध्ये असेल तर तो डॉल्बी ई जशीच्या तशी जाऊ देणारा असावा आणि फ्रेम गाळायची वा पुन्हा दाखवायची वेळ आली तर ध्वनीचाही पूर्ण तुकडाच गाळणारा असावा.

एन्कोडरची मांडणी, क्रमाने

१. संदर्भ संकेत. प्रथम एन्कोडरला केंद्राचा मुख्य सिंक द्यावा. ब्लॅक बर्स्ट किंवा ट्राय-लेव्हल. ध्वनीचे घड्याळ आणि चित्राचे घड्याळ एकाच उगमाचे हवे. २५ फ्रेमच्या पद्धतीत एका फ्रेममध्ये बरोबर १,९२० नमुने येतात. घड्याळे वेगळी असली की हा हिशेब हळूहळू सरकतो आणि काही मिनिटांनी खटके सुरू होतात. ‘सकाळी ठीक होते, दुपारी बिघडले’ अशी तक्रार आली की आधी सिंकची केबल पाहावी.

२. फ्रेमचा वेग. यंत्रात २५ निवडले आहे याची खात्री करावी. बाहेरून आणलेले यंत्र पुष्कळदा २९.९७ वर ठेवलेले असते.

३. चॅनलचा क्रम. सहा चॅनलचे दोन क्रम प्रचारात आहेत. प्रसारणाचा क्रम : डावा, उजवा, मधला, खर्ज, मागचा डावा, मागचा उजवा. चित्रपटाचा क्रम : डावा, मधला, उजवा, मागचा डावा, मागचा उजवा, खर्ज. एन्कोडर सहसा पहिला क्रम धरून चालतो. आलेला माल कोणत्या क्रमाचा आहे हे फाइलच्या नावावरून ओळखू नये, ऐकून ठरवावे.

४. कार्यक्रमाची रचना. आठ चॅनल कसे वाटायचे हे येथे सांगावे लागते. ‘५.१+२’ म्हणजे पहिले सहा मुख्य ध्वनीचे, सातवा-आठवा वेगळ्या स्टीरिओचा. ‘४×२’ म्हणजे चार स्टीरिओ जोड्या. एकाच चित्रावर अनेक भाषांतील समालोचन पाठवायचे असते तेव्हा अशा जोड्यांचा उपयोग होतो. दोन्ही टोकांना एकच तक्ता असेल तरच मराठीची जोडी मराठीच्या वाहिनीवर पोहोचते.

५. बिटांची संख्या. २० बिटांत आठ चॅनल, १६ बिटांत सहा. वाटेतील एखादे यंत्र १६ बिटांचेच असेल तर २० बिटांचा प्रवाह त्यातून अखंड जाणार नाही. साखळीतील सर्वांत अरुंद यंत्र पाहून निवड करावी.

६. बाहेर पडण्याची वेळ. गार्ड बँड चित्राच्या बदलाच्या जागी नीट बसला आहे का, हे मोजणाऱ्या यंत्रावर पाहावे. एकाच कक्षात चार स्रोतांचे गार्ड बँड चार ठिकाणी असतील तर प्रत्येक वळणावर धोका असतो.

डीकोडरची मांडणी

डीकोडरलाही तोच सिंक द्यावा. त्याच्या येणाऱ्या बाजूला नमुन्यांचा वेग बदलणारी सोय असेल तर ती बंद ठेवावी. बाहेर पडणाऱ्या चॅनलचा क्रम एन्कोडरच्या तक्त्याशी ताडून घ्यावा. प्रवाह तुटला तर डीकोडरने काय करावे हेही ठरवावे लागते. शांत राहणे हेच योग्य. येईल ते तसेच पुढे सोडण्याचा पर्याय निवडला तर बिघाडाच्या वेळी तो खरखराट थेट घरोघरी पोहोचेल.

ध्वनीसोबतची चिठ्ठी : मेटाडेटा

ध्वनीबरोबर एक चिठ्ठीही प्रवास करते. तिला मेटाडेटा म्हणतात. घरच्या डीकोडरने हा ध्वनी कसा वाजवावा हे तिच्यात लिहिलेले असते. डॉल्बी ईमध्ये ती प्रवाहाच्या आतच असते. डीकोडरमधून ती नऊ पिनांच्या वेगळ्या केबलने डॉल्बी डिजिटल एन्कोडरला देता येते. किंवा एसडीआयच्या राखीव जागेतूनही जाते. ही केबल नसेल किंवा एन्कोडर ‘बाहेरचा मेटाडेटा’ऐवजी ‘आतला’ यावर ठेवला असेल, तर स्टुडिओने काळजीपूर्वक लिहिलेली चिठ्ठी कोणी वाचतच नाही आणि कारखान्यातून आलेले आकडे घरी जातात. या चुकीचा कोणताही दिवा लागत नाही.

चिठ्ठीतील तीन ओळी अवश्य तपासाव्यात.

डायलनॉर्म. कार्यक्रमातील संवादाची सरासरी पातळी किती, हे येथे उणे १ ते उणे ३१ या आकड्यांत लिहायचे. घरचा डीकोडर त्यानुसार आवाज खाली आणून सर्व कार्यक्रमांचे संवाद उणे ३१ या एकाच पातळीला आणतो. समजा, नाटकातील संवाद उणे २७ वर आहेत आणि चिठ्ठीतही उणे २७ लिहिले आहे, तर डीकोडर ४ डेसिबल कमी करेल. त्यानंतरची जाहिरात उणे २० ची आहे आणि चिठ्ठीत उणे २० आहे, तर ११ डेसिबल कमी होतील. दोन्ही एका पातळीवर. पण जाहिरातीलाही उणे २७ चेच लेबल राहिले तर तिचे फक्त ४ डेसिबल कमी होतील आणि ती नाटकापेक्षा ७ डेसिबल मोठी वाजेल. आजोबांना रिमोट शोधावा लागतो तो या ७ डेसिबलमुळे.

पातळी कानाने न ठरवता आयटीयूच्या बीएस.१७७० पद्धतीच्या मीटरने मोजावी. अमेरिकेत एटीएससीच्या ए/८५ या मार्गदर्शिकेप्रमाणे लक्ष्य उणे २४ एलकेएफएस आहे, तर युरोपात ईबीयूच्या आर१२८ प्रमाणे उणे २३ एलयूएफएस. दोन्ही एककांची मोजणी एकच, नावे वेगळी. आपल्या केंद्राने एक आकडा ठरवून सर्व माल त्यावर आणला आणि तोच आकडा डायलनॉर्ममध्ये लिहिला, की निम्म्या तक्रारी संपतात.

स्टीरिओत उतरवण्याचे प्रमाण. बहुसंख्य घरांत दोनच स्पीकर असतात. तेथे डीकोडर सहा चॅनल दोनात मिसळतो. मधला चॅनल दोन्ही बाजूंना वाटला जातो, तो किती कमी करून हे चिठ्ठीत असते : ३, ४.५ किंवा ६ डेसिबल. मागच्या चॅनलसाठी ३, ६ किंवा पूर्ण बंद. संवादप्रधान कार्यक्रमाला मधल्यासाठी उणे ३ ठेवावे. उणे ६ निवडले तर संवाद आणखी मागे जातात. खर्जाचा चॅनल स्टीरिओत उतरवताना सामान्यतः गाळला जातो. म्हणून महत्त्वाचा कोणताही ध्वनी केवळ त्या चॅनलवर ठेवू नये.

आवाजाच्या चढउताराचे रूप. कुजबुज आणि स्फोट यांतील अंतर घरात किती कमी करायचे, याचे ठरावीक नमुने असतात : चित्रपटाचे दोन, संगीताचे दोन, भाषणाचा एक आणि ‘काही नाही’. शास्त्रीय गायनाच्या मैफलीला संगीताचा हलका नमुना शोभतो, चर्चेच्या कार्यक्रमाला भाषणाचा. डायलनॉर्म चुकलेला असेल तर हे नमुनेही चुकीच्या ठिकाणी काम करू लागतात, म्हणून आधी तो बरोबर करावा.

चित्रपटाच्या मालासाठी आणखी एक गोष्ट. चित्रपटगृहात मागचे चॅनल पुढच्यापेक्षा ३ डेसिबल कमी पातळीवर लावलेले असतात, त्यामुळे चित्रपटाच्या मूळ मिश्रणात ते तेवढे चढे असतात. घरासाठी हा फरक काढून टाकणारी सोय डॉल्बी डिजिटल एन्कोडरमध्ये असते. चित्रपटासाठी ती चालू, टीव्हीसाठीच मिसळलेल्या कार्यक्रमासाठी बंद.

ओठ आणि आवाज

डॉल्बी ई बांधायला एक फ्रेम लागते आणि सोडायलाही एक. म्हणजे एका फेरीत ध्वनी ८० मिलिसेकंद मागे पडतो. चित्र तेवढेच थांबवले नाही तर ओठ आधी हलतात, शब्द नंतर येतात. ईबीयूच्या आर३७ शिफारशीप्रमाणे ध्वनी चित्राच्या ४० मिलिसेकंदांहून जास्त पुढे किंवा ६० मिलिसेकंदांहून जास्त मागे असू नये. म्हणजे एकाच फेरीत ही मर्यादा ओलांडली जाते.

उपाय दोन. चित्र प्रत्येक टप्प्यावर एकेक फ्रेम थांबवायचे, किंवा नोंद करतानाच ध्वनी एक फ्रेम पुढे ठेवायचा म्हणजे सोडल्यावर तो जुळतो. कोणताही वापरावा, पण कोणता वापरला हे टेपवर किंवा फाइलच्या नोंदीत लिहावे. नाही तर पुढचा तंत्रज्ञ तोच उपाय पुन्हा करतो आणि चूक दुप्पट होते. नाटकाच्या चित्रणात हा दोष फार खुपतो, कारण प्रेक्षकांचे लक्ष नटाच्या तोंडाकडेच असते.

तपासणी

मीटरवर सहा पट्ट्या हलताना दिसल्या म्हणजे सर्व ठीक आहे असे समजणे ही सर्वांत महाग चूक. प्रस्तुत लेखकाची एक आठवण येथे नमूद करणे उपयोगी होईल. एका संध्याकाळी मराठी चित्रपट प्रसारित होत होता. कक्षात सहाही मीटर व्यवस्थित होते, सर्व दिवे हिरवे. अर्ध्या तासाने घरून आईचा फोन आला, “अरे, आज सगळे उजवीकडूनच का बोलतायत?” माल चित्रपटाच्या क्रमात आला होता आणि एन्कोडर प्रसारणाच्या क्रमात होता. त्यामुळे संवादाचा मधला चॅनल उजव्याच्या जागी गेला होता, मागचा डावा खर्जाच्या जागी जाऊन घरच्या स्टीरिओतून गळत होता. कक्षात मॉनिटरचा आवाज त्या दिवशी बंद होता. चूक आमचीच होती. आईने कोणतेही मीटर पाहिले नव्हते, तिने फक्त ऐकले होते.

तेव्हापासून पाळलेला क्रम असा.

– सहा चॅनलवर एकेक करून बोललेली चाचणी फाइल तयार ठेवावी. ‘डावा’, ‘उजवा’, ‘मधला’, ‘खर्ज’, ‘मागचा डावा’, ‘मागचा उजवा’ असे मराठीतच बोलून घ्यावे. खर्जाच्या चॅनलवर बोलणे नीट कळत नाही, तेथे ५० हर्ट्‌झचा स्वर ठेवावा. ईबीयूच्या ओळखस्वरांची तयार फाइलही चालते, पण बोललेला शब्द नवख्यालाही कळतो.

– ही फाइल पहिल्या एन्कोडरपासून घरच्या सेट-टॉप बॉक्सपर्यंत पूर्ण साखळीतून पाठवावी. मधल्या एखाद्या टप्प्यावर बरोबर ऐकू आले म्हणून थांबू नये.

– प्रत्येक टप्प्यावर तीन प्रकारे ऐकावे : ५.१, स्टीरिओ आणि मोनो. स्वयंपाकघरातला छोटा टीव्ही एकाच स्पीकरचा असू शकतो.

– टाळीपाटीचे चित्रण पाठवून ओठ आणि ध्वनी यांतील अंतर मोजावे.

– स्रोत दहा-बारा वेळा बदलून पाहावा आणि प्रत्येक वळणावर खटका येतो का ते ऐकावे.

– शेवटी सर्व मांडणी यंत्रातील एका साठवणीत जतन करावी आणि कागदावरही लिहून यंत्राच्या शेजारी चिकटवावी. वीज गेल्यावर काही यंत्रे मूळ मांडणीवर परततात.

लक्षण आणि कारण

संवाद गायब, संगीत चालू : मधला चॅनल गळला, किंवा सहा चॅनलमधले फक्त डावा-उजवा स्टीरिओ म्हणून पुढे पाठवले गेले.

संवाद एकाच बाजूने : चॅनलचा क्रम चुकला.

संवाद पोकळ, मोनोमध्ये नाहीसे : डाव्या-उजव्यापैकी एकाची दिशा उलटी झाली.

सतत खरखराट : डॉल्बी ई न सोडता ध्वनी म्हणून वाजते आहे.

पूर्ण शांतता : वाटेत कोणीतरी आवाजाची पातळी बदलली, किंवा वेग बदलणारी सोय चालू राहिली.

ठरावीक वेळाने खटका : सिंकचा उगम वेगळा.

फक्त स्रोत बदलताना खटका : गार्ड बँडची जागा चुकली.

जाहिरात मोठी, कार्यक्रम लहान : डायलनॉर्म वास्तवाशी जुळत नाही, किंवा एन्कोडर आतल्या मेटाडेटावर आहे.

नवी साधने, तीच पथ्ये

आता पुष्कळ केंद्रे नेटवर्कवरून चित्र आणि ध्वनी पाठवतात. एसएमपीटीईच्या एसटी २११०-३० प्रमाणे मूळ ध्वनी न बांधता जातो आणि २११०-३१ प्रमाणे डॉल्बी ईसारखा प्रवाह जसाच्या तसा. सोळा चॅनल सरळ नेता येत असतील तर मधला एन्कोडर गाळणे उत्तम. जितकी यंत्रे कमी तितक्या चुका कमी. पण चॅनलचा क्रम, एक सिंक, खरी चिठ्ठी आणि शेवटच्या टोकाला ऐकणे ही चार पथ्ये तेथेही तशीच लागू आहेत.

आपल्या मंडळांच्या नाटकाचे वा मैफलीचे चित्रण एखाद्या वाहिनीला द्यायचे असेल तर ५.१ चा आग्रह धरण्याची गरज नाही. नीट मिसळलेला स्टीरिओ, मोजलेली पातळी आणि सोबत चॅनलचा क्रम, पातळी आणि फ्रेमचा वेग लिहिलेली चिठ्ठी एवढे दिले तर पलीकडच्या तंत्रज्ञाचे काम सोपे होते. ५.१ दिलेच तर त्यासोबत वेगळा स्टीरिओही द्यावा.

घरी काय करता येईल

वाहिनीच्या बाजूची चूक घरी दुरुस्त होत नाही, पण काही वेळा दोष घरच्याच मांडणीत असतो. टीव्हीला जोडलेले फक्त दोन स्पीकर असतील आणि सेट-टॉप बॉक्समधील ध्वनीचा पर्याय ‘डॉल्बी’ किंवा ‘सराउंड’ वर असेल, तर तो ‘स्टीरिओ’ किंवा ‘पीसीएम’ वर आणून पाहावा. बॉक्समध्ये वा टीव्हीत ‘नाइट मोड’ असेल तर तो चालू केल्याने मोठे आवाज आवरतात आणि संवाद वर येतात. साउंडबार असेल तर त्यातील मधल्या चॅनलची पातळी वेगळी वाढवता येते का ते पाहावे. घरात पाच स्पीकर लावलेले असतील तर मधला खरोखर वाजतो आहे ना, हे त्याच्याजवळ कान नेऊन तपासावे.

एवढे करूनही एकाच वाहिनीवर बोलणे अस्पष्ट राहत असेल आणि इतर वाहिन्या ठीक असतील, तर वाहिनीला जरूर कळवावे. कळवताना कार्यक्रम, तारीख, वेळ, बॉक्सचा प्रकार आणि दोष नेमका काय हे लिहावे. ‘आवाज खराब आहे’ यापेक्षा ‘संगीत येते पण संवाद येत नाहीत’ हे एक वाक्य कक्षातील माणसाला थेट कारणापाशी नेते. आपल्या कुटुंबांतील जी मुले-मुली त्या कक्षांत बसतात, त्यांनाही घरच्या मंडळींनी अधूनमधून विचारावे आणि त्यांनीही घरच्यांना विचारावे, आज नीट ऐकू आले का?